कानबाईच्या आधी की नंतर

चूक जागेची झाली. प्रश्न बरोबर होता, ज्या माणसाला विचारला ते माणूसही बरोबर होतं. फक्त मी तो ओट्यावर विचारला.

आषाढ संपत आला होता. रविवार पाहून मी पारोळ्याच्या पुढे, आमच्या गावी गेलो होतो. ओट्यावर माझे वडील, आबा, सुपारी कातरत बसलेले. शेजारी नाना, म्हणजे माझे धाकटे काका, आणि भावकीतले आणखी दोघं-तिघं. अक्का चहा घेऊन बाहेर आली. अक्का म्हणजे माझी आई. अख्खी भावकी तिला अक्का म्हणते म्हणून मीही म्हणतो. तिनं माझ्या हातात कप दिला, आणि जळगावपासून बसमध्ये घोकत आणलेला प्रश्न विसरायच्या आत मी सगळ्यांदेखत विचारून टाकला, "अक्का, हिचं सिझर कानबाईच्या आधी ठेवू का नंतर?"

आबांचा अडकित्ता थांबला. मी चपला घालून ओट्यावर चढावं तसं नाना माझ्याकडं पाहायला लागले. मी खाली पाहिलं तर पायात चपला होत्याही. अक्कानं पदर सारखा केला, नानांच्या डोक्यावरून समोरच्या लिंबाकडं नजर लावली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कानबाई व्हई जाऊ दे. मंग बठ्ठं मी करसू."

आणि आत गेली. अडकित्ता पुन्हा सुरू झाला. मी निर्धास्त होऊन चहा प्यायलो.

आता यात एवढं विचारण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, दागिने. सगळी भावकी, मग ती सुरतेत असो की नाशकात, त्या दिवशी थोरल्या घरी येते, आणि थोरलं घर म्हणजे आमचं. घरातल्या माणसांच्या नावानं गहू आणि हरभऱ्याची डाळ दळायची, त्याचे रोट करायचे, पुरणाचा स्वयंपाक करायचा, आणि ते रोटाचं पीठ घरच्याच माणसांनी संपवायचं, बाहेर कुणाला द्यायचं नाही. त्याआधी घर सारवायचं, भिंतींना चुना मारायचा, माळ्यावरची पितळी भांडी उतरवून घासायची. हे सगळं अक्का करायची. बाकीच्या बायका आदल्या दिवशी येऊन 'काही राहिलंय का' असं विचारायच्या.

पण भावकीत कुठं मूल जन्मलं, की दहा-बारा दिवस सगळ्यांना सोयर. सोयरात देवीला हात लावता येत नाही. कानबाईच्या तोंडावर पाळणा हलला, की त्या वर्षी रोट नाहीत. त्यामुळं आमच्याकडं श्रावणाच्या आसपास दिवस भरणाऱ्या सुनेकडं भावकीतले लोक जरा वेगळ्याच काळजीनं बघतात.

एरवी मूल कधी यायचं ते मूल ठरवतं. पण आमच्या मोठीच्या वेळी, चार वर्षांपूर्वी, धुळ्याला माहेरी बायकोचं सिझर झालं होतं, आणि जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की या वेळी कळांची वाट पाहायची नाही. त्यांनी दोनेक आठवड्यांची मुदत दिली आणि म्हणाल्या, "यातला कुठलाही दिवस मला चालेल. घरी बाळंतिणीपाशी कोण आणि कधी राहणार ते ठरवा आणि मला सांगा."

हे ऐकूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून. पाण्यासाठी येणारे अर्ज तपासता तपासता मला सवयच लागली होती, की समोरचा जे मागतोय त्याच्या मागे त्याला दुसरं काय हवंय ते बघायचं. डॉक्टर कधी पेशंटला तारीख विचारतात का? यांना कुठं गावाला जायचं असेल आणि ते आमच्या तोंडून वदवून घ्यायचं असेल, असा माझा पहिला संशय. तो मी बायकोला रिक्षात सांगितला. ती म्हणाली, "त्यांनी कोण राहणार असं विचारलंय. त्याचं बघा."

ते बघणं सोपं नव्हतं. मागच्या वेळी सासूबाईंनी दोन आठवडे सगळं केलं आणि मग त्यांच्याच घरी आजारपण निघालं. मी बायकोला जळगावला आणलं. मेहरूणच्या आमच्या दोन खोल्यांत नळ पहाटे यायचा आणि तासाभरात जायचा. मी पाणी भरायचो, पण एका सकाळी मला उशीर झाला आणि तिनं हंडा उचलला. टाका उसवला, त्यात पू झाला, आणि पुढं महिनाभर ती रोज रिक्षानं पट्टी बदलायला जात होती, मांडीवर तान्ही मुलगी घेऊन. त्या दिवसांबद्दल ती कधी बोलत नसे. पण आता हंड्याजवळून जाताना तिचा हात आपोआप पोटावर जायचा, ते मला दिसत होतं.

या वेळी सासूबाई धुळ्यात पायाला प्लास्टर घालून पडल्या होत्या. राहिली अक्का. सव्वा महिना अक्का राहिली तर ठीक, नाहीतर पुन्हा तोच हंडा आणि त्याच पट्ट्या.

म्हणून गावाहून परतल्यावर मी मोठ्या ऐटीत सांगितलं, की अक्का येतेय, सगळं करणार म्हणालीय. रविवारी कानबाई, सोमवारी विसर्जन, मंगळवारी थोडा आराम, बुधवारी अक्का जळगावात, गुरुवारी सिझर. देवीही सुखी, डॉक्टरीणही सुखी. बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मागच्या वर्षी कानबाईनंतर अक्कांना काय झालं होतं, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. कंबर धरली होती आणि ताप भरला होता, म्हणे. आठवडाभर उठल्या नव्हत्या. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी पेपर वाचत असेन.

"एवढ्या लोकांचे रोट करून त्या बुधवारी इथं येणार आणि गुरुवारी मला उचलून बसवणार," बायको म्हणाली. "बरं."

तिचा तो 'बरं' मला आवडला नाही. मला वाटलं, हिला अक्का नकोच आहे. सासू घरात महिनाभर राहणार म्हटल्यावर कुठल्या सुनेला गोड लागतं? मी तसं बोललो नाही; नुसतं तिच्याकडं बघून हुं केलं. ती तांदळातले खडे वेचत राहिली, आणि मला उगाच वाटलं की त्यातला एखादा माझ्यासाठी बाजूला ठेवतेय.

त्यानंतर माझ्या संशयाला खाऊपिऊ घालणाऱ्या गोष्टी एकामागून एक घडू लागल्या.

पहिली म्हणजे, अक्का न कळवता जळगावात आली. गुडघा दाखवायचा आहे म्हणाली. गुडघा तिला पाच-सात वर्षांपासून होता, आणि पारोळ्यालाही डॉक्टर होते. शिवाय त्याच दिवशी बायकोची तपासणी होती, तिथं ती बरोबर गेली, आणि गुडघा दाखवायचं दोघीही विसरल्या. मी ऑफिसातून आलो तेव्हा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि दोघी गप्प. मग अक्का एकदम म्हणाली, की मेथी स्वस्त झालीय. पावसाळ्यात.

दुसरी गोष्ट, जाताना ती दोन लुगडी आमच्या पेटीत ठेवून गेली. परत आणायचं ओझं नको म्हणाली. सिझरला अजून इतके दिवस असताना. माझ्या डोक्यात आलं, आबांशी हिचं काही बिनसलंय का? घर सोडून यायचा विचार आहे का? या वयात?

तिसरी गोष्ट आबांकडून कळली. ते खतासाठी जळगावला आले होते, दुपारी घरी जेवले, आणि हात धुताना म्हणाले, "तुन्ही माय यंदा गहूले हात लावत नही."

कानबाईचे गहू अक्का स्वतः निवडायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. चुना आणून ठेवला होता तोही तसाच पडला होता, म्हणे.  आम्ही दोघं टॉवेलाची दोन टोकं धरून हात पुसत उभे राहिलो. आता मला खात्रीच पटली, की अक्का आतून आजारी आहे आणि लपवतेय. गुडघा हे निमित्त होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला काहीतरी सांगितलंय, बायकोला ते ठाऊक आहे, आणि माझ्यापासून लपवताहेत. तसं असेल तर सव्वा महिना कोण येणार? मी ऑफिसात बसून भाड्याची बाई, धुळ्याची मावससासू, रजा अशी एकेक नावं मनातल्या मनात ओवाळून टाकत होतो.

तपासायला म्हणून पुढच्या रविवारी गावी जाऊन आलो. अक्का गोठ्यात होती. मी आडून आडून विचारलं, की कानबाईनंतर नक्की येशील ना. येईन की, म्हणाली, आणि म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हैस माझ्याकडं बघत होती, अक्का नाही.

मग शेवटची तपासणी आली. डॉक्टरीणबाईंनी बायकोला तपासून बाहेर बसवलं, मला आत बोलावलं आणि सहज सांगितलं, की बुधवारी सकाळी उपाशीपोटी या. हा बुधवार म्हणजे कानबाईच्या आधीचा बुधवार. मी म्हटलं, आपलं नंतरच्या गुरुवारचं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, तुमचं ठरलं असेल.

माझा पहिलाच संशय खरा ठरला असं मला वाटलं. बाहेर येऊन मी औषधाच्या खिडकीतल्या माणसाला, अगदी सहज विचारल्यासारखं, विचारलं की बाई पुढच्या आठवड्यात कुठं बाहेर जाणार आहेत का. तो म्हणाला, त्या लग्नालासुद्धा जात नाहीत. मी परत आत गेलो आणि जरा आवाज चढवून म्हणालो, की आमच्या घरी देवाचं कार्य आहे, ही तारीख सोयीची नाही.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "हे बघा, माझ्या दृष्टीनं दोन्ही दिवस सारखेच. बाळाची वाढ पूर्ण झालीय, मला घाई नाही. माणूस कधी मिळणार एवढंच मी विचारलं होतं. ते तुमच्या मिसेसनी सांगितलं. त्यांच्या सासूबाई बरोबर होत्या."

मी बाहेर आलो. बायको बाकावर बसून समोरच्या कॅलेंडरवरच्या गुबगुबीत बाळाकडं पाहत होती, जसं काही ते पहिल्यांदाच दिसतंय. मी विचारलं, अक्का बरोबर होती आणि तिनं काही म्हटलं नाही? ती म्हणाली, त्यांना डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकू आलं नसेल. अक्काला गोठ्यात बसून नुसत्या आवाजावरून रस्त्यावरची बस कुठली ते सांगता येतं.

"आबांना कोण सांगणार?" मी म्हटलं.

"तुम्ही. डॉक्टरनं तारीख दिली एवढंच सांगा. ते खोटं नाही."

खोटं नव्हतं, तरी बसमध्ये मी तीन प्रकारची वाक्यं तयार केली. ओट्यावर पोचल्यावर तिन्ही एकमेकांत मिसळली आणि मी म्हणालो, की डॉक्टरनं बुधवार दिलाय आणि बाळाचं काही सांगता येत नाही. नाना उसळले. आजवर रोट कधी चुकले नव्हते, देवीपेक्षा डॉक्टर मोठा झाला का, सुरतेची माणसं रिझर्वेशन करून बसलीत, त्यांना काय सांगायचं. बराच वेळ बोलले. आबा ऐकत होते. शेवटी आबा म्हणाले, की पोरगी मागच्या वेळी मरता मरता वाचली, आता डॉक्टर सांगतोय ते करू. हे मला अनपेक्षित होतं. आबांनाही काही ठाऊक होतं का, हा संशय मला आजही आहे.

एवढ्यात दारात अक्का. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कपाळाला हात लावला, यंदा कानबाई माय रुसली म्हणून मोठ्यानं हळहळली, नानांची तर माफीच मागितली, आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली. नाना तिलाच समजवायला लागले, की जाऊ द्या अक्का, तुमचा काय दोष.

माझ्या जिवाला फार लागलं. अक्काच्या हातून देवीची सेवा चुकली आणि ती माझ्यामुळं. समजूत घालायला मी आत गेलो. माजघरात अंधार होता. अक्का खाली बसून पिशवी भरत होती. डिंक, खोबरं, खारीक, तुपाचा डबा; सगळं निवडून, पुरचुंड्या बांधून तयार. हे काम त्या क्षणी सुरू केलेलं नव्हतं. डोळे कोरडे ठणठणीत. तिनं मान वर केली आणि विचारलं, "जळगावनी बस कव्हय शे रे भाऊ?"

  मी म्हणालो, की अक्का, कानबाई? तिनं दाराकडं एकदा बघून घेतलं. पिशवीची गाठ मारली. आणि हळू आवाजात म्हणाली, "इतला वरीस झायात. येक साल मायले बी आराम, माले बी."

एवढंच. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि बाहेर येऊन पुन्हा चेहरा पाडला.

बुधवारी दुसरी मुलगी झाली. नानांनी निरोप पाठवला, की बघा, रोट चुकवले त्याचं फळ. अक्कानं तो ऐकला आणि अळीव भिजत घातले. पहाटेचं पाणी ती भरायची, मला हंडे फक्त उचलून ठेवू द्यायची. बायकोला पलंगावरून उठताना कुशीवर वळून कसं उठायचं हे नर्सनं दाखवलं होतं; अक्कानं ते बघून ठेवलं आणि बायको सरळ उठायला लागली की लांबूनच दटावायची. दुपारी तिघी झोपायच्या, अक्का, सून आणि बाळ. अक्काला दुपारी झोपलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पहिल्या दिवशी तर जवळ जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आलो. संशयी माणसाचं असंच असतं.

रविवार आला. आमच्या गल्लीत दोन घरी कानबाई बसली होती. संध्याकाळी गाण्यांचा आवाज यायला लागला. सोयर असल्यामुळं अक्का तिकडं जाऊ शकत नव्हती. ती दारात पाय पसरून बसली होती. हात जोडलेले होते, आणि ओठ गाण्याबरोबर हलत होते. मला वाटलं, आता हिला पस्तावा होतोय. मी शेजारी जाऊन बसलो. ती म्हणाली, की दुसऱ्याच्या घरच्या पुरणाचा वास इतका चांगला येतो हे तिला ठाऊकच नव्हतं. आपल्या घरी कधी वासच आला नाही म्हणाली, नुसता धूर. आणि हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कशाचं होतं ते मी ठरवू शकलो नाही.

टाके सुकले. सव्वा महिना पूर्ण झाला. मी अक्काला पारोळ्याच्या बसमध्ये बसवून दिलं, खिडकीजवळची जागा धरून. घरी आलो तर बायको मोठीची वेणी घालत होती, धाकटी पाळण्यात. मी खुर्चीवर बसलो आणि इतके दिवस जमवलेलं सगळं एकदाचं मांडलं. गुडघा खोटा होता, लुगडी मुद्दाम ठेवली होती, तारीख तुम्ही दोघींनी मिळून फिरवली. ती माझी आई असली तरी मला तिचा डाव कळलाय. तिला कानबाईतून सुटका हवी होती आणि आपलं बाळंतपण तिला आयतं सापडलं. मग जरा मऊ होऊन विचारलं, की तुला याचं वाईट नाही वाटलं? ती काही तुझ्यासाठी आली नव्हती.

बायकोनं वेणीला रिबीन बांधली, मोठीला खेळायला पाठवलं आणि म्हणाली, "मायेपोटी आलेलं माणूस आठ दिवसांनी घरची आठवण काढतं, अहो. अक्कांना घरी जायचंच नव्हतं. मला तेच पाहिजे होतं." मग पाळण्याला एक झोका दिला. "दोरीवरची दुपटी काढून आणा आधी, भुरभुर सुरू झालीय."